बानाबाई आणि समुद्राचा पाला

बानाबाईच्या नाकावर राग असतो, असं लोक म्हणायचे. ते फारच कमी सांगणं झालं. नाकावरचा राग माणूस पदरानं पुसून टाकतो. बानाबाईचा राग हाडात मुरलेला होता, त्याला कारणं होती, आणि ती कारणं ती कुणालाही, कधीही, न विचारता सांगायची.

पाचोडच्या पलीकडं मेंढरांच्या मागं चालत ती वाढली. मेंढरांच्याच मागं असलेल्या सोनाजीला दिली गेली. तिची एकुलती एक लेक आशा जन्मली ती परक्याच्या शेतात, जिथं त्या आठवड्यात खतासाठी मेंढरं बसवली होती. शेतमालकाच्या बायकोनं पायलीभर ज्वारी आणि गुळाचा एक खडा दिला. बानाबाईनं कण्या शिजवून खाल्ल्या आणि बाराव्या दिवशी पोर पाठीशी बांधून कळपामागं चालायला लागली. “बाळंतीण कशी असती ते म्या दुसऱ्याच्या घरात बघितलं,” असं ती म्हणायची. “मला पोर झाली, बाळंतपण नाय झालं.”

पुढं सोनाजीनं कळप विकला, चिकलठाण्याला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाला, मुकुंदवाडीत खोली घेतली आणि चार वर्षांत तापानं गेला. बानाबाई त्याच्यावरही चिडली. मला विचारून गेला काय, म्हणाली. मग बानाबाईनं त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये कांदे सोलले, पोळ्या लाटल्या, एका मुकादमाला लाटणं फेकून मारलं, माफी मागितली नाही आणि तरीही टिकली. तिच्या हातची डाळ ज्यानं एकदा खाल्ली तो तिचं तोंड सहन करायचा.

शेंद्र्याला कोरियाची एक कंपनी आली, तिचे साहेब लोक सिडकोतल्या एका बंगल्यात राहायला लागले, तेव्हा तिथला स्वयंपाक बानाबाईकडं आला. बंगल्याचा मॅनेजर बद्रीनाथ. कन्नडकडचा, बीए झालेला, बोलघेवडा गडी. साहेबांपैकी हान साहेबांची बायको तेवढी सोबत आलेली. ही मिसेस हान बानाबाईच्याच वयाची, बुटकी, टापटिपीची आणि तितकीच हट्टी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळं त्यांचं भांडण कधी पुरं व्हायचं नाही. एक मराठीत बोलायची, दुसरी कोरियनमध्ये, आणि तेवढ्यात भाजी शिजून जायची.

या घरात समुद्रातला पाला खातात हे कळल्यावर बानाबाईला आधी कीव आली. विमानानं आलेली माणसं, आणि खातात काय, तर शेवाळ. हर्सूलच्या तळ्यात दगडाला धरतं तसलं. पहिल्याच आठवड्यात तिनं त्या वाळक्या काळ्या पाल्याचं अख्खं पुडकं भिजत घातलं. मुठीत मावणाऱ्या वस्तूनं सहा माणसांचं काय भागणार, असा तिचा साधा हिशेब. अर्ध्या तासात पातेलं भरून पाला ओट्यावर उतरला आणि ओट्यावरून खाली लोंबायला लागला. मिसेस हान पोट धरून हसली. बानाबाईनं तो हिरवा बुळबुळीत ढीग दोन्ही हातांनी बादलीत भरला आणि बादली आपटली.

पण शिकली. चिडून शिकलेलं माणूस विसरत नाही. तीन जातींचा पाला त्या कपाटात असायचा. एक पातळ, भाजून भाताभोवती गुंडाळायचा. त्याला ती कागद म्हणायची. दुसरा तो फुगणारा, मिसेस हान त्याला मियॉक म्हणायची, त्याचं सूप व्हायचं. बानाबाईच्या भाषेत त्या झिपऱ्या. तिसरा जाड, तळहाताएवढा रुंद, वर पांढरी भुकटी धरलेला. त्याचं नाव दाशिमा, आणि बानाबाईचं नाव चामडं. हे चामडं उकळत्या पाण्यात दहा मिनिटं टाकायचं आणि चिमट्यानं काढून टाकायचं. पाण्याला चव उतरली की त्याचं काम संपलं. बानाबाईला हे कधी म्हणजे कधी पटलं नाही. पाणी प्यायचं आणि ऐवज फेकायचा? जिनं गुळाच्या एका खड्यावर दिवस काढले तिच्या डोळ्यांदेखत ते सत्त्वाचं जाड चामडं रोज कचऱ्यात जायचं, आणि रोज तिच्या जिवाची तगमग व्हायची.

एकदा हान साहेबांचा वाढदिवस आला. सकाळी सकाळी मिसेस हाननं झिपऱ्यांचं सूप केलं. वाढदिवसाला गोडधोड सोडून हे काय, असं बानाबाईनं विचारलं, तेव्हा मिसेस हाननं इंग्रजीत सांगितलं आणि बद्रीनाथनं मराठीत केलं. त्यांच्याकडं बाई बाळंत झाली की तिला हेच सूप रोज देतात, आठवड्यामागून आठवडे. आणि पुढं लेकराच्या दर वाढदिवसाला घरातले सगळे हेच खातात. आईनं जन्म देताना काय सोसलं ते आठवायला.

“शहाणे लोक हायेत,” बानाबाई म्हणाली. “आपल्यात वाढदिवसाला आईला कोण इचारतं?”

आता या बद्रीनाथला वाचायची हौस, आणि त्याहून जास्त वाचून दाखवायची. त्यानं नेटवरून एक कागद छापून आणला, त्याला प्लास्टिक चढवलं आणि फ्रिजवर लावला. वर ठळक अक्षरात, समुद्री शेवाळ म्हणजे आरोग्याचा खजिना. खाली यादी. लोह, कॅल्शियम, आयोडीन, प्रथिनं, जीवनसत्त्वं. रक्त वाढतं, हाडं मजबूत होतात, गरोदर मातांना अत्यंत गुणकारी.

“पण कशात हाये हे सगळं?” बानाबाईनं विचारलं. “त्या पातळ कागदात, झिपऱ्यात का चामड्यात?”

“सगळ्यात, मावशी. समुद्राचं सगळं सारखंच.”

हे बोलायला बद्रीनाथला काही कष्ट पडले नाहीत. दात कोरत बोलला आणि मोबाईलकडं वळला. ज्याला माहीत नाही त्यानं माहीत नाही म्हणावं, एवढी साधी गोष्ट. पण बीए झालेल्या माणसाच्या तोंडून ती काही निघत नाही.

आशा देवगाव रंगारीला दिली होती. नवरा कडूबा वाळूजला कामाला जायचा. पोरगा स्वभावानं मऊ, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. त्याची आई राजाबाई म्हणजे घरातली सरकार. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात बानाबाई लेकीला घ्यायला गेली आणि तिला बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आशाच्या ओठाला रंग नव्हता. डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली तर आत पांढरं. दवाखान्यात रक्त तपासलं, आठ निघालं.

“सहा महिने खात काय होतीस?”

“सगळे खायचे त्येच, माय.”

“सगळ्यांच्या पोटात पोर होतं व्हय?”

त्या दिवशी बानाबाईनं ठरवलं. मह्या लेकीचं बाळंतपण व्हईल. मला झाली तशी नुस्ती पोर होणार नाय. तिला भरून टाकीन, राजाबाईच्या छातीवर टिच्चून भरून टाकीन. यात लेकीची माया किती आणि विहिणीला दाखवून द्यायची खुमखुमी किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्याच महिन्यात हान साहेबांची मुदत संपली. जाताना मिसेस हाननं झिपऱ्यांची एक जुडी बांधली, आपल्या पोटावरून हात फिरवून दाखवला आणि ती बानाबाईच्या हातात दिली. हे लेकीला, बाळ झाल्यावर. दोघीही रडल्या. चामड्याची थप्पी कपाटात तशीच पडून होती. तिच्याबद्दल मिसेस हान काही बोलली नाही, आणि बानाबाईनं तीही घरी आणली.

झिपऱ्यांचं सूप आशानं दोनदा तोंडाला लावलं आणि दोनदा ओकली. समुद्राचा वास येतो म्हणाली. झालं. बानाबाईनं भांडं आपटलं. पण सूप जात नाही म्हणून ती हार मानणार होती थोडीच? आपल्याकडं जे जे कडक आणि तोंडाला न रुचणारं, ते ते कुटून लाडवात जातं. मेथी जाते, सुंठ जाते, गोडंबी जाते, डिंक जातो. गुळात घातलं की बाळंतीण मुकाट्यानं खाते, हे इथल्या बायांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब. मग समुद्राचा पाला का नाही? आणि घालायचाच तर पातळ कशाला, जाड घालू. ज्याच्या नुसत्या पाण्यानं सहा माणसांचं सूप चवदार होतं, त्याच्या अंगात केवढी ताकद असेल.

तिनं चामडं ओल्या फडक्यानं पुसलं, उन्हात कडकडीत वाळवलं, तुपावर परतलं, मिक्सरला लावून बारीक केलं. लाडवाला दोन चमचे. सकाळी एक लाडू, संध्याकाळी एक. मेथीच्या कडूपणात त्याची खारट चव कुठल्या कुठं गेली. शेजारणीला तिनं लाडू दिला नाही, नुसता दाखवला. “असला लाडू अख्ख्या मुकुंदवाडीत कुणी खाल्ला नसंल,” म्हणाली. ते खरंच होतं.

आशाला मुलगी झाली. अडीच किलोची, काळ्याभोर जावळाची. आशाचं रक्त साडेदहावर आलं होतं. दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या तीन महिने चालू होत्या, पण त्यांचं श्रेय बानाबाई कशाला देईल. लाडू चालूच राहिले.

पोरगी गुणाची निघाली. रडायची नाही. पाजायला घेतली की दोन घोट ओढून झोपायची, उठवावी तेव्हा उठायची, परत झोपायची. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. अंगावरचा पिवळेपणा जायला तयार नव्हता, आणि पावलं कायम गार. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस आशा, आमची पोरं रात्रभर जागवायची. आशा म्हणायची, मंगळसूत्र गळ्याला टोचतं, गिळताना दाटल्यासारखं होतं. बानाबाईनं लेकीचा भरलेला गळा बघितला आणि तिला, काय सांगावं, आनंद झाला. अंग धरलं, म्हणाली.

दीड महिन्याच्या लसीला बुधवारी सरकारी दवाखान्यात गेल्या. नर्सनं पोरीला टोचलं आणि तिच्याकडं बघत राहिली. सुई टोचल्यावर लेकरू घसा फोडतं. ही घोगऱ्या आवाजात दोनदा कण्हली आणि डोळे मिटून पडली. नर्सनं लगेच डॉक्टरणीकडं पाठवलं. डॉक्टरणीनं पोरीला तपासलं, मग आशाच्या गळ्याला हात लावला, दोघींचं रक्त घेतलं आणि शुक्रवारी या म्हणाली.

मधल्या गुरुवारी राजाबाई आणि कडूबा आशाला न्यायला आले. सव्वा महिना उलटला होता, ठरल्याप्रमाणं आले. राजाबाईनं पाणी प्यायच्या आधी सुनेचा गळा बघितला.

“ह्ये काय हाये?”

“बाळंतपणात अंग धरतं, ईनबाई.”

“अंग काय गळ्यापुरतंच धरतं व्हय? मह्या मावशीला होता असा. गलगंड हाये ह्यो. अन् ह्यो काय महिन्यात येत नसतो. तुमच्या घराण्यात हाये, तुमी लपवून पोरगी दिली. आता नातीत बी उतरलंय. बघा की, डोळे तरी उघडती का.”

मग बानाबाईचा पट्टा सुटला. “लपवून दिली? तुह्या घरून आणली तवा तिच्या नखात रगत नव्हतं. सहा महिने वाळकी भाकर घातली, आठावर आणून ठेवली, अन् आता मह्या घराण्याचा कसूर काढती? म्या भरली तिला. म्या. तुही जबान उचलती कशी?”

गल्ली दारात जमली. राजाबाई आवाज चढवत नव्हती, हे जास्त वाईट होतं. ती म्हणाली, “रविवारी भावकीतली माणसं घेऊन येते. नात आमची हाये, आमी नेऊ, वरचं दूध पाजू, दवाखाना करू. तुमची रोगी लेक तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या.” कडूबा आपल्या चपलांकडं बघत उभा होता. आशानं पोरीला छातीशी एवढं आवळून धरलं की ती पोरगी, जी कधी रडत नव्हती, ती कण्हली.

त्या दोघांची पाठ वळल्यावरही बानाबाई तासभर बोलतच होती, भिंतीशी, भांड्यांशी. माझ्या लेकीपासून लेकरू तोडणार? बघतेच कशी तोडते.

शुक्रवारी डॉक्टरणीनं रिपोर्ट वाचले. दोघींच्याही गळ्यातली ग्रंथी, थायरॉईड, जवळजवळ बंद पडली होती. “आईला गळ्याचं दुखणं आधी कधी होतं का?” नाही. “कुठलं औषध, काढा, बाहेरचं काही?” नाही. “मग खाण्यात काय आहे?”

बानाबाईनं याचीच वाट बघितली होती. राजाबाईनं ऐकायला पाहिजे होतं. डिंक, खारीक, मेथी, गोडंबी, शेरभर तूप, आणि समुद्राचा पाला. ती अभिमानानं मोजत गेली. शेवटच्या वस्तूवर डॉक्टरणीचं लिहिणं थांबलं. तिनं मोबाईलवर काही शोधलं आणि एक फोटो पुढं धरला. “हा का?”

“व्हय. ह्योच.”

“किती घालायचात?”

“लाडवाला दोन चमचे. दिवसाला दोन लाडू.”

“कधीपासून?”

“सातव्यापासून. चार महिने झाले आता.”

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. आयोडीन माणसाला लागतं, ती म्हणाली, पण किती, तर दिवसाला सुईच्या टोकावर मावेल एवढं. कमी पडलं तर गळा सुजतो, आणि फार झालं तरी ती ग्रंथी काम टाकून बसते. बाकीच्या पाल्यात ते बेतानं असतं. या जाड पाल्यात कैक पटीनं असतं, आणि तिकडचे लोक त्याचा तुकडा पाण्यात उकळून काढून टाकतात. तुम्ही तो दळून घातला. आधी पोटातून, मग दुधातून, सगळं या पोरीपर्यंत गेलं. म्हणून ती झोपते. म्हणून रडत नाही.

“मरंल का?” बानाबाईनं विचारलं.

“नाही. वेळेत आलात. आणखी दोन-तीन महिने तसेच गेले असते तर डोकं अधू राहिलं असतं. आजपासून लाडू बंद. बाळाला रोज सकाळी ही गोळी, आईच्या दुधात विरघळवून. एक दिवसही चुकवायची नाही. काही महिन्यांत दोघींची ग्रंथी पुन्हा कामाला लागेल.”

डॉक्टरीण ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला काय म्हणायचं ते बानाबाईला ठाऊक होतं. उठताना डॉक्टरीण हळूच म्हणाली, “सासरी नुसतं आयोडीनचं कमीजास्त झालं म्हणून सांगा. कुणी काय दिलं ते सांगायलाच पाहिजे असं नाही.”

शनिवारी बानाबाई बंगल्यावर गेली आणि तिनं फ्रिजवरचा कागद ओढून काढला. फाडायला गेली तर प्लास्टिकमुळं फाटेना. तेवढ्यानं ती अजून भडकली. “ये इकडं,” तिनं बद्रीनाथला हाक मारली. “गुणकारी लिवलंय. किती खायाचं ते कुठं लिवलंय, दाव.”

बद्रीनाथनं कागद वाचला. काय झालं ते ऐकल्यावर परत वाचला. “नाही लिहिलेलं,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “पण मावशी, दळून लाडू कर असं मी म्हटलं होतं का?”

तिनं त्याला काय काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दीडशहाण्यापासून सुरुवात झाली आणि त्याच्या बीएपर्यंत गेली. सगळं त्याला लागू होतं. पण मुकुंदवाडीला परत चालत येताना तिला दुसरंच आठवायला लागलं. बद्रीनाथ सगळं सारखं म्हणाला, हे खरं. पण तो काही चुलीपाशी उभा नव्हता. दोन वर्षं, रोज, मिसेस हान ते चामडं चिमट्यानं बाहेर काढताना बानाबाईनं स्वतः बघितलं होतं. ती बाई कांद्याची पात वाया जाऊ द्यायची नाही. ती उगाच काढत होती काय? का काढती, एवढं एकदा विचारलं असतं तर बद्रीनाथनं इंग्रजीत करून दिलं असतं. विचारलं नाही, कारण बानाबाईला वाटलं की तिला जास्त कळतं. आयुष्यभर तिला राग काढायला कुणी ना कुणी सापडत आलं होतं. आज हुडकून दुसरं कुणी सापडेना, आणि जी सापडली तिला मारायला हात वर होईना.

घरी आशानं तिचे पाय धरले. “माय, सांगू नको. आयोडीन म्हण, पाणी म्हण, काय बी म्हण. सासूबाई तुला उंबऱ्यात उभं करायच्या नायत.”

“मग तुह्या माथी जन्मभर रोगी घराण्याची म्हणून शिक्का. पोर शिंकली तरी आईचा दोष. तिच्या लग्नात बी काढतील.”

“काढू दे.”

“कामून काढू दे? केलं म्या, अन् भोगावं तू?” बानाबाई लेकीवरच ओरडली, आणि मग दोघीही पोरीला मध्ये घेऊन बसून राहिल्या.

रविवारी राजाबाई, कडूबा आणि भावकीतले दोन म्हातारे आले. सतरंजीवर बसले. चहा कुणी घेतला नाही. एका म्हाताऱ्यानं घसा साफ केला, पण बानाबाईनं त्याला बोलू दिलं नाही.

“लेकीत खोट नाय,” ती उभ्यानंच म्हणाली. “घराण्यात बी नाय. रिपोट हाये, वाचून घ्या. म्या घातलं. समुद्राचा पाला, दळून, लाडवात. लाडवाला दोन चमचे, दिवसाला दोन लाडू, चार महिने. लेक नको म्हणायची, म्या रागं भरून खाऊ घालायची. तिच्या गळ्याला झालं ते मह्यामुळं, अन् पोरीला झालं ते बी मह्यामुळं. दोघी बऱ्या व्हणार हायेत. डॉक्टरणीला जाऊन इचारा.”

एका म्हाताऱ्यानं रिपोर्ट उलटून पालटून बघितला. मग राजाबाई म्हणाली, “म्हंजी तू मह्या नातीला इख घातलं.”

“व्हय.”

गल्लीतल्या बाया नंतर सांगायच्या की बानाबाईनं समोरच्याचं एका शब्दात मान्य केलेलं त्यांनी तेवढं एकदाच ऐकलं.

म्हातारे आपसात बोलले. दोष सुनेचा नाही, तर सून आणि नात दोघीही घरी येतील, असं ठरलं. कडूबानं आईकडं न बघता आशाची पिशवी उचलली. आयुष्यात एकदा तरी त्यानं न सांगता काही केलं. राजाबाई उठली, नातीला घ्यायला हात पुढं केले आणि विहिणीला म्हणाली, “सून नेते. पण पोरीवर तुही सावली नको. जावळाला नको, वाढदिवसाला नको. तुह्या हातचं पाणी बी तिच्या तोंडी लागणार नाय. कबूल असंल तर बोल.”

“आत्या, असं नका करू,” आशा सासूला म्हणाली.

“तू गप,” बानाबाई लेकीला म्हणाली. “कबूल.”

तिनं पोरीला स्वतःच्या हातानं राजाबाईच्या हातात दिलं. मग गोळ्यांची पाकिटं दिली, आणि ती देताना मात्र तिचा नेहमीचा आवाज परत आला. “रोज सकाळी. दुधात इरघळून. एक दिस चुकली, एक दिस, अन् मला कळलं, तर मी देवगावला येऊन तुमच्या दारात ठाण मांडून बसंन. मग कसली सावली अन् कसलं कबूल. अख्खं गाव गोळा करीन.”

“बघू या,” राजाबाई म्हणाली.

पुढं रोज सकाळी बानाबाई आशाला फोन करायची. दिली का? दिली, माय. एवढंच बोलणं. महिन्याभरात पोरगी रात्री घर डोक्यावर घ्यायला लागली, मग पालथी पडायला लागली, मग राजाबाईच्या कानातले ओढायला लागली. आशाच्या गळ्याची सूज उतरली. हे सगळं फोनवर ऐकून बानाबाईचा जीव भांड्यात पडायचा. पण खरं सांगायचं तर, आणि हे तिनं कुणाजवळ कबूल केलं असतं तर लोकांनी तिला हाकलून दिलं असतं, रोज सकाळी दिली का विचारताना ती आशाच्या तोंडून एकदा तरी नाही निघेल, याची वाट बघायची. एकच दिवस. लेकराला काही होणार नाही एवढा. धुतलेलं लुगडं आणि देवगावच्या एसटीचे पैसे तिनं पत्र्याच्या पेटीत वर काढून ठेवले होते.

राजाबाई भावाच्या पोराच्या लग्नाला दोन दिवस गेली तर सुनेला आणि नातीला सोबत घेऊन गेली, आणि गोळ्या कमरेच्या पिशवीत. स्वतःला ताप आला तरी पहाटे उठून वाटीत गोळी विरघळवायची, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही. आशानं एकदा विचारलं, आत्या, मी देते की. राजाबाई म्हणाली, तुही माय येईल ना दारात.

सात महिन्यांनी डॉक्टरणीनं रक्त तपासून गोळी बंद केली. आशानं त्या दिवशी आपणहून फोन केला. रिपोर्ट चांगला आला, पोरगी धरून उभी राहते, सगळ्या घरात ओरडत रांगते, असं सांगितलं. बानाबाईनं सगळं ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हातात घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं की आता विचारायला काही राहिलं नव्हतं. राजाबाईनं इतक्या दिवसांत एकही गोळी चुकवली नव्हती.